दवाखान्याचं ॲप आणि वस्तीतले पेशंट : काय केलं तर वापरतील?

रानजाई
नमस्कार मंडळी, मी पुण्यात पर्वतीच्या पायथ्याला एका धर्मादाय दवाखान्यात समुपदेशक आहे. आमचे पेशंट म्हणजे मुख्यतः धुणीभांडी करणाऱ्या मावशी, बिगारी, रिक्षावाले, भाजीची गाडी लावणारे. आजार तेच ते, शुगर, बीपी, कोणाचा दमा. वर्षभरापूर्वी दवाखान्याने ॲप घेतलं. घरून नंबर लावायचा, रिपोर्ट फोनवर बघायचा, गोळ्या संपत आल्या की आठवण येणार. सोबत आभा नंबर (सरकारचा, आरोग्याचे कागद जोडून ठेवायचा) काढून देतो, म्हणजे पुढेमागे ससूनला किंवा दुसरीकडे जावं लागलं तर कागदांची पिशवी घेऊन फिरायला नको. मला मनापासून वाटलं होतं की याचा सगळ्यात जास्त उपयोग आमच्याच पेशंटना होईल, कारण केसपेपरच्या रांगेत सकाळ गेली की त्यांचा खाडा पडतो.

प्रत्यक्षात ॲप आम्हीच त्यांच्या फोनमध्ये टाकून देतो, त्या हो हो म्हणतात, आणि पुढच्या वेळी परत सकाळी सहाला येऊन दारात चप्पल ठेवून नंबर लावतात.

परवा एक साठीच्या मावशी आल्या. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी बटव्यात. फोनच्या पाठीवर सेलोटेपखाली चिठ्ठी, त्यावर त्यांचाच नंबर, लेकीच्या अक्षरात. आधारला जोडलेला नंबर मात्र थोरल्या मुलाचा, आणि तो चाकणला कंपनीत, शिफ्टमध्ये फोन लॉकरला. ओटीपी गेला तिकडे. आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो, दोनदा परत पाठवून झाला. शेवटी मावशी माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, माझ्यामुळं तुमचं काम अडलं ना?"

तुमचं काम! तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. वर्षभर त्या माझ्यावर उपकार म्हणून फोन पुढे करत होत्या. हे त्यांना स्वतःचं काम वाटावं यासाठी काय करायचं? ज्यांनी असं काम केलंय किंवा घरात बघितलंय त्यांनी लिहा प्लीज.

चिंचबोर
थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या ताई दिवसभर रील बघतात, व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवतात, भाजीवाला क्यूआर लावून बसलाय. फोन येत नाही हे कारण २०१५ ला चाललं असतं. गरज वाटली की माणूस शिकतो. ॲपवरूनच नंबर मिळेल, रांग बंद, असं दोन महिने करून बघा, सगळे शिकतील.

कंदील
@चिंचबोर, हे करून झालंय हो. १ मे २०२१ ला १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी लस सुरू झाली तेव्हा आधी ऑनलाइन नोंदणी करा मगच या, असा नियम होता. पोर्टल तेव्हा फक्त इंग्रजीत, मराठी जूनमध्ये आली. मी तेव्हा पालघर जिल्ह्यात एका शाळेवर होतो, लसीकरणाच्या कामाला आम्हा मास्तरांनाही लावलं होतं. स्लॉट उघडला की दोन मिनिटात भरायचा. सकाळी केंद्रासमोर शहरातून आलेल्या गाड्यांची रांग आणि गावातली पोरं कुंपणाबाहेर उभी राहून बघतायत, त्यांच्याच गावातली लस. गाडीतून आलेल्या लोकांचा दोष नव्हता, त्यांनाही जिवाची भीती होतीच. पण ज्यांच्याकडे नेट, त्यांच्याच दंडात लस असं झालं. मे महिन्याच्या शेवटी शेवटी सरकारी केंद्रावर जागेवर नोंदणीला परवानगी आली तेव्हा कुठे आमच्या पाड्यावरचे लोक आत आले.

रांग बंद केली तर लोक शिकत नाहीत, लोक येणं बंद करतात. शुगरच्या पेशंटने सहा महिने येणं बंद केलं तर काय होतं हे रानजाईताई सांगतीलच.

खडू_फळा
कंदील, +१. पण चिंचबोर यांच्या भाजीवाल्याच्या मुद्द्यावर मी थांबले. खरंच आहे की, भाजीवाला शिकला. आमच्या दारावरच्या आजी, अक्षरओळख नाही, पण क्यूआर आहे. मी त्यांना विचारलं की पैसे आले हे कळतं कसं? तर त्यांनी त्या साउंडबॉक्सकडे बोट दाखवलं, "तो बोलतोय की." मराठीत, मोठ्यांदा, लगेच. गिऱ्हाईक गेल्यावर नाही, समोर असतानाच. आणि सुरुवातीला तो डबा बसवायला एक पोरगा आला होता, त्याने चार वेळा रुपया रुपया पाठवून दाखवला होता.

आता तुमचं ॲप बघा. काय बोलतं ते? कोणत्या भाषेत? "युअर अपॉइंटमेंट हॅज बीन कन्फर्म्ड" असा मेसेज येत असेल तर आजींसाठी ते बंद दारच आहे.

रानजाई
@खडू_फळा, आत्ता उघडून बघितलं. बटणं मराठीत आहेत पण मेसेज इंग्रजीत जातात. वर्षभर माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी ते वाचू शकते. उद्याच सांगते ऑफिसात.

डोंगरवाट
मी नंदुरबार जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर होतो, आता बदली झालीये. ई-संजीवनीचा, म्हणजे सरकारच्या व्हिडिओवरून डॉक्टर दाखवायच्या सेवेचा, अनुभव सांगतो.

लोकांना वाटतं टेलिमेडिसिन म्हणजे पेशंटने घरी बसून फोनवर डॉक्टर बघायचा. तशी सोय आहे, लॉकडाऊनमध्ये एप्रिल २०२० ला सुरू झाली. पण आमच्याकडे ती कोणीही वापरली नाही, वापरणार कशी, रेंज मिळते ती शाळेमागच्या टेकाडावर, तीही हवा बरी असली तर. आमच्याकडे चाललं ते दुसरं, उपकेंद्रातलं. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) असतो, तो पेशंटची तपासणी करतो, लॅपटॉप किंवा टॅब तो चालवतो, पलीकडे वरच्या दवाखान्यातला डॉक्टर. पेशंटने फक्त बसायचं आणि बोलायचं. बोलतानाही अधूनमधून सीएचओ भिलोरीतून मराठीत आणि मराठीतून भिलोरीत करतो.

एक म्हातारबा लक्षात आहेत, अंगावर चट्टे, खाज, दोन वर्षं भगताकडे आणि मेडिकलमधल्या मलमावर. जिल्ह्याला त्वचेचा डॉक्टर, जायचं म्हणजे जीप, मग एसटी, सोबत एक माणूस, दोघांची मजुरी बुडणार. उपकेंद्रात सीएचओने कॅमेरा चट्ट्याजवळ धरला, डॉक्टरीणबाईंनी पाठ फिरवायला लावली, औषध लिहिलं, त्यातलं बरंचसं तिथेच मिळालं. पंधरा दिवसांनी म्हातारबा परत आले आणि सोबत शेजारच्या पाड्यावरचे तिघे. त्यांना "टीव्हीतल्या बाई" दाखवायच्या होत्या. यापेक्षा मोठी जाहिरात आम्ही कधी केली नाही.

म्हणून माझं मत असं की फोन पेशंटच्या हातात असलाच पाहिजे हा हट्ट सोडा. साधन डिजिटल असू दे, चालवणारं माणूस ओळखीचं पाहिजे.

आशाताई_सांगलीकडची
डॉक्टरसाहेब बरोबर बोलले, पण ते ओळखीचं माणूस म्हणजे शेवटी आम्हीच ना. मी आशा आहे, बारा वर्षं झाली. माझ्या फोनमध्ये किती ॲप आहेत ते मोजायचं सोडून दिलंय. सर्व्हे एकात, गरोदर माता दुसऱ्यात, आयुष्मान कार्ड तिसऱ्यात, आभा आणखी वेगळं. मोबदला मिळतो तो कामावर, वेळेवर कधी मिळतो कधी नाही. २०२३-२४ ला आम्ही संप केला तेव्हा पगारवाढीबरोबर हे ऑनलाइन कामाचं पण म्हणणं होतं, पण पेपरात फक्त पैशाचं आलं.

आणि खरं सांगू का, वरून आकडा येतो. या आठवड्यात एवढे आभा झाले पाहिजेत. मग काय होतं, बाई चुलीपुढं भाकरी करतेय, मी दारात उभी राहून आधार नंबर घेते, ओटीपी विचारते, नंबर निघतो, मी पुढच्या घरी. तिला काय मिळालं ते तिला माहीत नाही, मला समजावायला वेळ नाही. वर गेला आकडा. सहा महिन्यांनी कोणीतरी विचारतं तुमचा आभा आहे का, ती म्हणते नाही. तिची काय चूक.

आकडा मागायचाच असेल तर किती काढले तो नको, किती बायकांनी दवाखान्यात तो दाखवला तो मागा. मग बघा आम्ही कसं काम करतो ते.

चिंचबोर
ताई, हे मला माहीत नव्हतं. चुलीपुढचं चित्र डोळ्यासमोर आलं.

पारावरचा
ताईंनी आभाचा विषय काढला म्हणून लिहितो. आमच्या गावात निम्म्या लोकांना वाटतं आभा म्हणजे पाच लाखाचं कार्ड. मी सेतू केंद्र चालवतो, रोज हेच समजावतो. आभा हा १४ आकडी नंबर, त्यात तुमचे कागद जोडले जातात, त्याने एक रुपयाचाही उपचार फुकट होत नाही, आणि तो काढायची सक्तीही नाही. पाच लाखाचा उपचार तो आयुष्मान कार्डावर, आणि आपल्याकडे महात्मा फुले योजनेला तो जोडलाय. सत्तरच्या पुढच्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून उत्पन्न न बघता वय वंदना कार्ड मिळतं, ते पण वेगळंच.

एकदा एक बाप आला, मुलाचं ऑपरेशन, पुढ्यात आभाची कलर प्रिंट लॅमिनेशन करून. तो तसाच तालुक्याच्या खासगी दवाखान्यात जाऊन आला होता, काउंटरवर म्हणाले हे चालत नाही, बस एवढंच, काय चालतं ते कोणी सांगितलं नाही. मी म्हटलं योजनेतल्या दवाखान्यात जा आणि आत गेल्या गेल्या आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, कुठे बसतो ते विचार. रेशनकार्ड, आधार घेऊन गेला, काम झालं. पण तो माणूस आता कुठल्याही कार्डाला हात लावायला बघत नाही. म्हणतो मला लॅमिनेशन केलेलं काही देऊ नका.

तेव्हा रानजाई, आधी एका वाक्यात सांगा की याने काय मिळतं आणि काय मिळत नाही. काय मिळत नाही ते आधी सांगितलं तर लोक जास्त विश्वास ठेवतात हा माझा अनुभव.

पापडलाटी
वाचतेय. छान धागा. टीव्हीतल्या बाई वाचून खूप बरं वाटलं.

अवांतर: चप्पल ठेवून नंबर लावायची पद्धत आमच्याकडे रॉकेलच्या रांगेत होती, तिथे दगड आणि डबे पण असायचे आणि एकाचा दगड कोणी सरकवला की गल्लीभर भांडण.

सुईदोरा
एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. घरात फोन एक असतो आणि तो बहुतेक वेळा बाईचा नसतो.

मी मुंबईत एका वस्तीत बायकांच्या आरोग्यावर काम करते. एका बाईने तांबी बसवून घेतली होती, घरी सांगितलं नव्हतं, तीन मुलींनंतर सासूचा मुलासाठी तगादा होता. तपासणीची तारीख आली तशी यंत्राने आठवण पाठवली, नंबर नवऱ्याचा. पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही. ती परत आली नाही आमच्याकडे, एवढंच.

तेव्हापासून नोंदणी करताना मी पहिला प्रश्न विचारते, हा फोन कोणाकडे असतो? दुसरा, यावर आलेला मेसेज कोण वाचतं? तिसरा, मेसेज पाठवू की नको? बऱ्याच जणी म्हणतात नको, मी येते गुरुवारी. तर नको. टीबी, एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार, या सगळ्यांना हे लागू. ज्याचा कागद त्याचा हक्क, न वापरण्याचाही.

चांगलं पण सांगते. अरमान संस्थेची एममित्र म्हणून सेवा आहे, गरोदर बायकांना आवाजी फोन येतात, मराठीत किंवा हिंदीत, बाई सांगेल त्या वेळेला. दुपारी दोन ते तीन, नवरा कामावर, फोन घरी राहिलाय, अशी वेळ ती स्वतः निवडते. वाचायचं काही नाही, दाबायचं काही नाही, साधा बटणाचा फोन चालतो. मी बायकांना तो फोन स्पीकरवर लावून शेजारणीला ऐकवताना बघितलंय, कारण शेजारीण पण पोटुशी.

गोळी_रोज
सुईदोरा यांच्या बटणाच्या फोनवरून आठवलं. मी क्षयरोग कार्यक्रमात होतो. नाइन्टीनाइन डॉट्स म्हणून एक पद्धत होती, गोळ्यांच्या पाकिटाला कागदी वेष्टन, गोळी काढली की तिच्यामागे लपलेला फोन नंबर दिसायचा, त्यावर फुकट कॉल लावायचा, कट होणार, झालं. आमच्याकडे कळायचं की आज गोळी घेतली. कसली सोपी गोष्ट! मिस्ड कॉल द्यायला कोणाला येत नाही?

पण त्यातही गंमत अशी की ज्यांना आमचा माणूस मधूनमधून फोन करून "काय भाऊ, काल कॉल नाही आला, बरं आहे ना" विचारायचा तेच नियमित कॉल द्यायचे. नुसत्या यंत्राला कॉल द्यायचा कंटाळा येतो. पलीकडे कोणीतरी बघतंय हे कळलं पाहिजे.

दुसरं, पैसे. क्षयाच्या पेशंटना सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे ५०० रुपये महिन्याला मिळायचे, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० झाले, थेट खात्यात. ज्याच्या खात्यात पहिला हप्ता आला तो स्वतःहून विचारायला यायचा की माझं नाव ऑनलाइन नीट आहे ना. ज्याचं खातं आधारला जोडलेलं नाही म्हणून पैसे अडकले, तो सहा महिने आमच्यावर चिडून, आणि चिडायला जागा होतीच.

टेम्सकाठ
इंग्लंडमधून. इकडे एनएचएसचं, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचं, ॲप आहे, रिपोर्ट, गोळ्यांची परत मागणी, सगळं त्यात. मी आनंदाने वापरते. पण आमच्या शेजारच्या पंजाबी आजी नाही वापरत, आणि त्यांना कोणी बोलत नाही, त्या काठी टेकत सर्जरीत (इकडे डॉक्टरांच्या दवाखान्याला तसं म्हणतात) जातात, काउंटरवर चिठ्ठी देतात, गोळ्या मिळतात. फोन, काउंटर आणि ॲप तिन्ही चालू ठेवावं लागतं. श्रीमंत देशातही ते सुटलेलं नाही, मग आपल्या मावशींवर एवढा जोर कशाला?

कंदील
अजून एक, ओटीपीचं. बँक सांगते ओटीपी कोणाला सांगू नका. मध्यंतरी फोन लावला की रिंगच्या आधी तेच ऐकू यायचं. आणि मग पांढऱ्या कोटातली बाई येते आणि म्हणते ओटीपी सांगा. ज्या माणसाच्या खात्यात महिनाभराची मजुरी आहे त्याने घाबरू नये तर काय करावं? आमच्या गावात एकाने लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल उघडली आणि खातं रिकामं झालं. त्यानंतर त्या आळीत कोणी फोनमध्ये नवीन काही टाकून घेत नाही. त्यांना अडाणी म्हणू नका, ते शहाणेच आहेत.

रानजाई
@कंदील, खरं. मीच ती ओटीपी मागणारी बाई.

चिंचबोर
वरती मी जे लिहिलं ते अर्धं मागे घेतो. काल आईकडे गेलो होतो, सांगोल्याला. तिला चार वर्षांपासून शुगर. मी तिला चांगला फोन घेऊन दिला, त्यात शुगर लिहायचं ॲप टाकून दिलं, शिकवलं पण. उघडून बघितलं तर शेवटची नोंद मीच केलेली, गेल्या दिवाळीची. मी चिडलो. ती काही बोलली नाही, भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या मांडीवर ठेवलं. प्रत्येक सोमवारच्या चौकोनात पेन्सिलीने आकडा. १४२, १६०, १३८. ज्या दिवशी गोळी चुकली तिथे फुली. एकादशीला छोटा गोल, उपास म्हणून. श्रावणात आकडे कसे वर गेलेत ते बोट ठेवून दाखवलं, साबुदाण्यामुळे, म्हणाली. वर्षभराचं सगळं होतं त्यात, दुधाच्या हिशोबाशेजारी.

मी सातवी शिकलेल्या बाईला नोंद ठेवायला शिकवत होतो आणि ती माझ्याआधीपासून ठेवत होती.

मी पानांचे फोटो काढले, डॉक्टरांना व्हॉट्सॲप केले. डॉक्टरांचा उलटा फोन आला, रात्रीची गोळी बदलली. आईने पहिल्यांदा विचारलं, "हे फोटो मला काढता येतील का रे?"

आशाताई_सांगलीकडची
चिंचबोर दादा, आईंना नमस्कार सांगा. साबुदाण्याचं आमच्या पेशंटना पटवता पटवत नाही, त्यांनी स्वतः शोधलं.

खडू_फळा
हेच की! फोटो काढला, डॉक्टरचा फोन आला, गोळी बदलली. साउंडबॉक्स बोलला.

डोंगरवाट
दुधाच्या हिशोबाशेजारी शुगर लिहिणारी माऊली. उत्तम. एकच सूचना, फोटो पाठवताना पानावर महिना दिसतोय ना ते बघा, आमच्याकडे असे आकडे यायचे आणि महिना कळायचा नाही.

रानजाई
धागा वर काढतेय, दीड महिना झाला. थोडं सांगण्यासारखं आहे.

मेसेज मराठीत झाले, त्याला तीन आठवडे लागले आणि दोनदा भांडावं लागलं. आवाजी फोन अजून नाही, त्याचा खर्च कोण देणार यावर गाडी अडलीये.

चप्पल रांग ठेवलीये, बंद करणार नाही. पण रांगेशेजारीच एक टेबल टाकलंय, त्यावर आमच्याच जुन्या पेशंट असलेल्या दोन मावशी आळीपाळीने बसतात, दवाखाना त्यांना त्या दिवसाची मजुरी देतो. हा मुद्दा मी ताणून धरला, फुकट बसवणार नाही म्हणून. ओटीपी आम्ही कोणी मागत नाही, पेशंटने स्वतः टाकायचा, टाकता येत नसेल तर घरचं माणूस सोबत असेल त्या दिवशी. पारावरच्या दादांचं वाक्य टेबलावर लिहून ठेवलंय: "या नंबराने पैसे मिळत नाहीत. तुमचे रिपोर्ट हरवत नाहीत." सुईदोराचे तीन प्रश्न पण आधी विचारतो. पहिल्याच आठवड्यात चौघींनी मेसेज नको म्हणून सांगितलं, त्यातल्या दोघी आधी आमच्या यादीत "संपर्क होत नाही" अशा होत्या.

आकडे काही डोळे दिपवणारे नाहीत. बरेच जण अजूनही चप्पलच ठेवतात. पण त्या सेलोटेपवाल्या मावशी सोमवारी आल्या, नातीला घेऊन, आणि बाकावर न बसता सरळ टेबलापाशी गेल्या. नातीने त्यांचा स्वतःचा नंबर आधारला जोडून आणला होता. त्यांना मागच्या वर्षीचा डोळ्यांचा रिपोर्ट हवा होता, तो घरात पाणी शिरलं तेव्हा भिजून गेला. फोनमध्ये सापडला. त्यांनी तो दोनदा उघडायला लावला, मग म्हणाल्या थांबा, आता मी करते.

@चिंचबोर, तुमच्या आईंच्या कॅलेंडरचा एखादा फोटो इथे टाकाल का, त्यांना विचारून? गुरुवारच्या शुगर गटात दाखवायचा आहे.

चिंचबोर
विचारलं. हो म्हणाली, पण दुधाचा हिशोब झाकून टाक म्हणाली, गवळ्याचे पैसे राहिलेत.